जमानतदारालाच उचललं

गेल्या शनिवारी नवा रायपूरच्या स्टेडियमवर मॅच होती. अख्खं शहर टीव्हीसमोर, आणि मी पोलीस ठाण्यात... टॉस कुणी जिंकला तेही मला रविवारी कळलं.

मी वकील आहे, इथल्याच कोर्टात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी पोटासाठी रोज चढते. त्यामुळे आमच्या गुढियारी वस्तीतल्या ओळखीच्या कुणालाही कोर्टाचं काम निघालं की तो थेट माझ्या दारात येतो.

वनिता त्यातलीच. मॅच असली की स्टेडियमच्या रस्त्यावर झेंडे आणि जर्सी विकते, लोकांच्या गालावर तिरंगा रंगवून देते. मागच्या मॅचला बंदोबस्तात रस्त्यावरच्या विक्रेत्यांना उचललं होतं... शांतता बिघडेल म्हणून. ज्यांना जमानतदार मिळाले ते त्याच दिवशी सुटले. वनितासाठी कुणी नव्हतं, म्हणून ती दोन दिवस आत राहिली, आणि तिची सहा वर्षांची पोट्टी शेजाऱ्यांकडे रडून रडून तापली.

म्हणून या वेळी ती मॅचच्या आठ दिवस आधीच आली. "ताई, या टायमाले आधीच तयारी करून ठेवू," म्हणाली. सोबत तिच्यासारखेच आणखी दहा जण... म्हणजे अकरा, पूर्ण टीमच. मी प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि घरचा नंबर असा एकेक संच लावला. स्वतःवरच खूश होते मी.

राहिला जमानतदार. आमच्याकडे कोर्टात जमानत द्यायची तर बहुतेक वेळा जमिनीची ऋण पुस्तिका, म्हणजे इथला सातबाराच, दाखवावी लागते, आणि या अकरा जणांची सगळी इस्टेट एका गाठोड्यात मावते. तेव्हा आठवले रामटेके काका. रेल्वेचे रिटायर्ड गेटमन, मूळचे भंडाऱ्याकडचे, उरला गावाच्या पलीकडे एकरभर धानाचं शेत त्यांच्या नावावर. विचारल्यावर पुस्तिका कापडात गुंडाळून स्वतःच घेऊन आले. एका पुस्तिकेवर किती जण सुटतील हा प्रश्नच होता, पण नसण्यापेक्षा बरं.

आणि इथे मी अतिशहाणपणा केला. काकांना म्हटलं, मॅचच्या दिवशी स्टेडियमजवळच राहा आणि कागदांची पिशवी हातातून सोडू नका. काका आयुष्यभर हिरव्या-लाल झेंडीच्या हुकमावर चाललेले... सांगितलं ते तंतोतंत करणार.

शनिवारी दुपारी वनिताचा फोन. मी म्हटलं, उचललं वाटतं. तर ती म्हणाली, "मले नाही ताई, काकाले नेलं..."

एक म्हातारा माणूस तीन तास पार्किंगपाशी पिशवी छातीशी धरून उभा. पोलिसांनी पिशवी उघडली, तर आत अकरा वेगवेगळ्या लोकांचे आधार आणि फोटो. त्यांना वाटलं, हा तिकिटं ब्लॅक करणाऱ्यांचा माणूस. मी स्कूटी काढली आणि सगळा रस्ता स्वतःला शिव्या देत गेले.

काका बाकड्यावर गुडघे जुळवून बसले होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही मिळालेला माणूस... मान वर करत नव्हता. मला म्हणाले, "मी त तू सांगतलं तसाच उभा होतो, बाई."

मी ठाणेदार साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, जिसको कुछ करना नहीं, वो जमानत की तैयारी करके क्यों घूमेगा?" मागच्या मॅचची गोष्ट सांगावी, तर तीही त्यांच्या गळी उतरेना. रिपोर्ट लिहायला घेतला असता तर काका रविवारभर आत, आणि त्यांना शुगर.

तेवढ्यात दारात गलका झाला. वनिता आत आली, गालावर अर्धाच तिरंगा, हाताला रंग. तिच्यामागे उरलेले दहा जण, पाठीवर गाठोडी घेऊन. गर्दी स्टेडियममध्ये शिरायची, म्हणजे त्यांच्या खऱ्या धंद्याची ती वेळ होती. सगळ्यांनी माल गुंडाळला होता आणि हातात आपापलं खरं आधार कार्ड धरलं होतं.

सुटण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारे हे लोक स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले होते... मागच्या वेळी ज्यांनी उचललं, त्यांच्याच दारात.

साहेब एकेक झेरॉक्स उचलून नाव वाचत गेले, आणि "हव साहब" म्हणत एकेक जण पुढे येत गेला. वनिताचा फोटो बघून त्यांनी तिला गाल पुसायला लावला. अकरावं कार्ड जुळल्यावर त्यांनी पेन बंद केलं आणि पिशवी काकांच्या हातात दिली. त्यांचेही आभार मानायला हवेत... ऐकून न घेणारेही असतात.

बाहेर आल्यावर काका वनितावरच चिडले. "माल टाकून काहून आले तुमी? धंद्याची वेळ होती न?"

वनिता म्हणाली, "मंग तुमची जमानत कोन देनार होतं?"

काका तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले. मीही पुसला.

स्टेडियमपाशी पोचेपर्यंत गेटं रिकामी झाली होती. आतून नुसता आवाज येत होता, आणि हे अकरा जण बाहेर जर्स्यांच्या घड्या घालत होते. वनिता रिकाम्या हाताने बसणारी नाही, तिने काकांच्या गालावर तिरंगा काढला.

सोमवारी काका माझ्या टेबलापाशी आले. स्वतःच्या आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो ठेवले... "पुढच्या मॅचले मायंही लावून ठेव." आता फाइलमध्ये बारा संच आहेत.

त्या अकरा जणांच्या नावावर वीतभर जमीन नाही. कायद्याने त्यांच्यातल्या एकालाही काकांचा जमानतदार होता आलं नसतं. मी सगळ्यांची तयारी केली होती, फक्त काकांसाठी कोण उभं राहील हे विचारायचं विसरले. अकरा जणांनी ते मला विचारलंसुद्धा नाही... येऊन उभे राहिले.