आईच्या पायाची साक्ष

आमच्या मंडळीत देवाने केलेली कामं दर बुधवारी उभं राहून सांगावी लागत. याला साक्ष देणं म्हणत. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून पंचवीस-तीस माणसं संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायची, पेटीवर दोन गीतं व्हायची आणि मग पाळकसाहेब डोळे मिटून विचारायचे, "या आठवड्यात मेंढपाळाने कुणाकुणाला सांभाळलं?" मेंढपाळ म्हणजे प्रभू आणि मेंढरं म्हणजे आम्ही. खरं मेंढरू आमच्यातल्या निम्म्या लोकांनी फक्त ताटात पाहिलं होतं, पण बोलणं असं की जणू सगळे कुरणातूनच उठून आले आहेत.

साक्षी ऐकण्यासारख्या असत. कुणाकडे पाहुणे यायचे होते म्हणून प्रभूने गॅसचा सिलिंडर आठ दिवस आधी पाठवला. एका बाईंच्या वरच्या मजल्यावर नळाला धो धो पाणी आलं, कारण खालच्या बिऱ्हाडाची मोटार जळाली होती. त्या बिऱ्हाडाने ही कृपा कशी सोसली, हे कुणी विचारलं नाही. सगळे "आमेन" म्हणाले आणि चिवड्याच्या बशा फिरल्या.

माझे वडील मंडळीचे सेक्रेटरी. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. कपाटातला एक नट इकडचा तिकडे झाला तर त्यांना जेवण जात नसे. घरात मात्र काय कुठे आहे आणि कोण कसं आहे, ते सगळं त्यांनी मेंढपाळावर सोपवलं होतं.

आई साक्ष देत नसे. तिला चारचौघांत उभं राहिलं की घाम फुटायचा. पण सेक्रेटरीच्या बायकोला वर्षानुवर्षं एकही साक्ष नाही म्हणजे काय? मंडळीतल्या बायका तिच्याकडे मूल न होणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघायच्या. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि रविवारी संडे स्कूल घ्यायचे. मलाही आईची थोडी लाज वाटायची, हे कबूल करते.

आईला साखर होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास चपलेचा खिळा लागून तिच्या डाव्या तळव्याला जखम झाली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आईने हळद लावली, आणि पंधरा दिवसांनी जखमेवर खपली धरली. वडिलांना हर्ष झाला. त्या बुधवारी त्यांनी तिला कोपराने ढोसलं, "ऊठ. सांग." आई उठली, थरथरत दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी तो पाय कल्याणपर्यंत गाजवला. ज्या मंडळीत उपदेशाला जातील तिथे आमच्या आईचा डावा पाय आधी पोचायचा.

तीन आठवड्यांत खपली निघाली आणि आतून जखम पुन्हा वर आली. आता सांगायचं कुणाला? साक्ष दिलेली होती. पाय बरा नाही म्हटलं तर आई खोटी, वडील खोटे, पाळकसाहेब खोटे, आणि प्रभूचं नाव खराब होणार ते वेगळंच. म्हणून आईने सोपा मार्ग काढला. तिने लंगडायचं नाही असं ठरवलं. साखरेमुळे तळवा बधिर होता, त्यामुळे ते जमलंही. पावसाळ्यापासून ती साडीखाली मोजे घालायला लागली. बायका हसल्या, "काय ग, मॅडम झालीस!" आई म्हणायची, थंडी वाजते. उकाड्याने आमच्या भिंती घामेजायच्या, तेव्हाही तिला थंडी वाजत होती आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मला दिसलं होतं. मोजे मी धुवायचे. त्यांवर पिवळट डाग असायचे. मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "जुनी हळद आहे, जात नाही." मी मान डोलावली आणि तिच्या सांगण्यावरून वासाच्या टाल्कम पावडरचा मोठा डबा आणून दिला. एवढी शिकलेली मी! वडील रोज रात्री जेवणाआधी त्या पायाबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि आई टेबलाखाली तोच पाय दुसऱ्या पायावर ठेवून आमेन म्हणायची.

डिसेंबरात पाळकसाहेबांच्या मनात आलं की नाताळच्या नाटकात मेंढपाळांच्या देखाव्याला यंदा खरं मेंढरू हवं. दरवर्षी पोरांच्या अंगाला कापूस चिकटवला जायचा आणि त्यांना शिंका यायच्या. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर आमच्याकडे उतरतात, आणि खतासाठी शेतकरी त्यांची मेंढरं आपल्या शेतात बसवतात. वडील वांगणीला जाऊन एका म्हाताऱ्या धनगराला ठरवून आले. तो म्हणाला, एकटं मेंढरू येत न्हाय, बावरतंय. दोन आणतो, आणि मी संगं येतो. वडिलांना ही अट जड वाटली. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गेटमधून दोन मेंढरं आणि एक खरा धनगर येणार म्हणून त्यांनी सतरंजी उचलून ठेवली.

नाटक व्हायचं तसंच झालं. एका मेंढीने बाळ येशूच्या गव्हाणीतलं गवत खाल्लं आणि दुसरीने पाळकसाहेबांच्या पुढ्यात लेंड्या टाकल्या. टाळ्या मात्र जोरात पडल्या. मग पाळकसाहेबांना स्फूर्ती झाली. त्यांनी धनगराला पुढे बोलावलं आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही कळपावर कशी माया करता, दोन शब्द सांगा."

धनगर गोंधळला. "माया कसली आलीया? सांजच्याला पाय बघायचं. चिखलात खूर सडत्यात. मेंढरू वरडत न्हाय, साहेब. दुखतंय म्हणून सांगत बी न्हाय. मागं राहिलं तर लांडगा धरंल, म्हणून लंगडणारं मेंढरू कळपाच्या मधोमध घुसून नीट चालतंय. आपल्यालाच उचलून खालून बघावं लागतंय."

पाळकसाहेबांनी "वा, वा" म्हणून त्यातून उपदेशाला मुद्दा मिळाल्यासारखी मान हलवली. एवढ्यात आई त्याच्यासाठी चहा घेऊन आली. धनगराने कप घेतला नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"बाई, डाव्या पायाला काय झालंया?"

"काही नाही," आई म्हणाली.

"तिचा पाय प्रभूने बरा केलाय," वडील मागून म्हणाले. "साक्ष दिलीय तिने."

"आसंल," धनगर म्हणाला. "पर वास येतोय. आमाला कळतो त्यो वास. मोजा काढा, बाई."

आईने कप खाली ठेवला. तो म्हातारा खाली बसला, दोन्ही हातांनी तिची टाच धरली, जशी रोज कुणाची तरी धरत असेल, आणि मोजा उतरवला. पावडरीचा लगदा झाला होता. त्याखाली जे होतं ते बघून पुढच्या ओळीतल्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. मला स्वतःचा इतका राग आला की मी रडलेसुद्धा नाही.

उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरने पाय बघितला आणि आधी वडिलांवर ओरडला, "अंधे हो क्या? एक हफ्ता और रुकते तो घुटने तक काटना पडता।" दोन बोटं गेली. पाय राहिला.

आई महिन्याने सभेला आली, काठी घेऊन. त्या बुधवारी साक्षींना नुसता ऊत आला होता. प्रभूने ऐन वेळी धनगर पाठवला, ही सगळ्यांची एकच साक्ष. पाळकसाहेब म्हणाले की प्रभू परक्यांच्या हातूनही कळप राखतो. वडिलांनी डोळे पुसले. इतक्या सुरळीतपणे सगळे सुटले की मला वाटलं, आता चिवडा येईल.

आई काठी टेकून उभी राहिली. या वेळी तिला कुणी ढोसलं नव्हतं.

"प्रभूने धनगर पाठवला, खरं आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी आठ महिने दर बुधवारी त्याने तुम्हां पंचवीस जणांना पाठवलं होतं. आणि मीही खोटं बोलले. माझी पहिली साक्ष मी परत घेते."

ती बसली. साक्ष परत घेतली तर टाळ्या वाजवायच्या की नाही, हे आमच्याकडे ठरलेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याकडे बघितलं आणि त्याने भलतंच गीत सुरू केलं.

घरी आल्यावर वडिलांनी सवयीने जेवणाआधीच्या प्रार्थनेला हात जोडले. मग सोडले. कारखान्याच्या पिशवीतून चष्मा काढला, बुटकं स्टूल ओढून आईसमोर जमिनीलगत बसले आणि म्हणाले, "पाय दाखव."

त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. आईने काठी भिंतीला टेकवली.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली.