मामाजींची टाच आणि फोनवरच्या डॉक्टरीणबाई

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, टाचेला जखम झाली आणि ती भरेचना. त्यांना साखरेचा आजार. बघता बघता कडा काळ्या पडल्या. नवरा नागपूरला बांधकामावर. जाताना त्यांनी माझ्या फोनमध्ये ऑनलाइन दवाखाना टाकून दिला होता. "डॉक्टर घरीच दिसते. तुले फक्त बोलाचं आहे," म्हणाले.

तेच तर अवघड होतं. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासूबाई होत्या तोवर माझं म्हणणं त्याच पोचवत. त्या गेल्यावर मी दाराकडे तोंड करून सांगते, "जेवण वाढलं म्हणा," आणि ताट दिसलं की मामाजी उठतात.

डॉक्टरांसाठी नंबर लावला. फोनने कोड मागितला. नोंदणी नवऱ्याच्या नंबरवर, म्हणून तो गेला त्यांच्या फोनवर, आणि ते उचलेनात. शेवटी उचलून सांगितला, तोवर त्याची मुदत संपली. सगळं पहिल्यापासून. दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई दिसल्या.

"ताई, मोठ्याने बोला. पायाला हात लावलेला कळतो का, विचारा त्यांना."

मी दाराकडे बघून म्हटलं, "पायाले हात लावला तर समजते का, म्हणा."

मामाजींना कमी ऐकू येतं. ते खाटेवरून रस्त्याकडेच बघत राहिले.

"ताई, कोणाशी बोलताय तुम्ही?"

मी सांगायच्या आत चित्र थिजलं आणि फोन कटला. वर विचारतो, सेवा कशी वाटली, किती तारे द्याल? रडूच आलं. इथे पाय काळा पडत होता.

पुन्हा नंबर, पुन्हा कोड, पुन्हा वाट. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी खाटेपुढे बसले, टाच हातात घेतली, अंगठ्याने दाबली आणि ओरडले, "मामाजी, मी पाय दाबून राहिली, समजते का?"

ते दचकले. पण आवाजाने. "कोठं दाबून राहिली?"

मी आणखी जोर लावला. "येथंच!"

"नाही समजत वं."

"पायाची जाणीव गेलीय, आता फोनवर थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

एवढं ऐकायला माझा अख्खा दिवस गेला होता. शेजारणीला हाक मारून ऑटो बोलावला. मामाजी खाट सोडेनात.

"काहून जाचं? दुखून तर नाही राहिलं."

"दुखत नाही म्हणूनच जाचं आहे, मामाजी," मी म्हटलं आणि त्यांच्या काखेत हात घातला.