वाळूची दोन पोती

कानावर पेन्सिल. तोंडात खिळे धरून बोलायचं. खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघायची. गाठ मारली की तिला एक टिचकी. लेकीचा पाळणा टांगला तेव्हाही आधी दगड ठेवून झोका दिला होता.

रंगमंचाखालच्या तळघरात कप्पीकाकांची चाळीस वर्षं गेली. फिरता रंगमंच त्यांच्या हातचा, जमिनीतून वर येणारी लाकडी लिफ्टही. तिच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असत. खिट्टी ओढली की वजनं खाली, लिफ्ट वर. नटाआधी काका स्वतः चढायचे. ते काटकुळे, म्हणून कमी पडणाऱ्या वजनाइतकी वाळूची पोती सोबत घ्यायचे. खिट्टी ओढायची लेकीनं, ती लहान असल्यापासून.

या नाटकात लेकच राणी होती. सिंहासनासकट वर यायची.

त्या सकाळी लेकीबरोबर तळघरात उतरल्यावर काकांना दोन वजनं जास्त दिसली.

"ही कुणी लावली?"

"मी," दिग्दर्शक म्हणाला. "राणी अवतरली पाहिजे, काका. तुमची तर जिना चढून आल्यासारखी येते."

"मान मोडेल तिची."

"मोडली तर दुसरी राणी बघू."

दोघंतिघं हसले. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हातातला पाना दिग्दर्शकाच्या तोंडावर हाणला. दात भुशात पडला. दिग्दर्शकानं त्यांची कॉलर धरून डोकं खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. कान फाटला, पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. लेकीनं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला तेव्हा कुठे त्यानं सोडलं.

"भित्रा म्हातारा!" तो रक्त थुंकत ओरडला. "तुझ्या लिफ्टवर तुझाच भरवसा नाही!"

काकांनी ती दोन वजनं काढून फेकली. ते तसेच लिफ्टवर चढले.

"आता बघ म्हणावं. ओढ गं."

"बाबा, आधी कान तरी पुसा."

"ओढ म्हणतो ना!"

लेकीची नजर त्या कानावर होती. हाताला सवय होती. तिनं खिट्टी ओढली, आणि मग तिला भिंतीला टेकलेली दोन पोती दिसली.

"बाबा, पोती..."

उरलेली वजनं तिच्या आणि सिंहासनाच्या हिशेबाची होती; लिफ्टवर एकटे काका. लिफ्ट गोफणीतल्या दगडासारखी सुटली. काका कलंडले. मान वर रंगमंचातल्या भोकाच्या चौकटीत सापडली. आवाज एकदाच झाला. मग फळ्यांच्या फटींतून रक्त तिच्या हातावर, हातातल्या खिट्टीवर ठिबकू लागलं.

कामाच्या बाकावर एक लाकडी अडसर अजून तसाच आहे. लिफ्ट बेफाम सुटलीच तर पोरगी चौकटीवर आदळण्याआधी ती खालीच अडवायला काकांनी तो त्याच सकाळी कापायला घेतला होता. पेन्सिलीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. करवत निम्म्यावर रुतलेली आहे.