लंगडीची परीक्षा

शाळेतल्या खेळाच्या मास्तरला सगळे शिट्टीसर म्हणत. गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नसे. "झोपेत वाजवली नाहीत म्हणजे मिळवली," असं बायको म्हणे.

कामचुकार पोरं हुडकायची त्याची एक पद्धत होती. कुणी नडगी दुखते म्हणालं, की त्याच पायावर मैदानभर लंगडी. घातली तर पाय ठणठणीत, चला पळायला. कळवळला तर नाटकी, त्याला आणखी एक फेरी. छापा पडो की काटा, जिंकणार सरच.

त्याची लेक पंधरा वर्षांची, पळण्यात एक नंबर. मैदानावर 'बाबा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं, ही घरातली सक्त ताकीद. मोठी स्पर्धा तोंडावर आली आणि तिची नडगी दुखू लागली. आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसतं पडून राहिलं तरी. "इथेच दुखतं, सर," तिने एका जागी बोट टेकवलं. त्याने सगळ्यांदेखत लंगडी घालायला लावली. तिने मैदान पार केलं. कपाळाला आठीसुद्धा नाही.

"बघा रे, ही माझी पोर!" त्याची छाती फुगली. माणसाने किती आंधळं असावं!

आईने हट्टाने एक्स-रे काढायला लावला. त्यात काही निघालं नाही, मग काय, सरांना रान मोकळं.

स्पर्धेत शेवटच्या वळणावर हाड मोडलं.

"चीर आधीचीच होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही बऱ्याचदा. पण बोटाएवढ्या जागी दुखतं, पडून राहिलं तरी दुखतं, म्हणजे पळणं बंदच करायचं. विश्रांतीने भरली असती. त्या पायावर उडी मारायला लावलीत आणि कळ आली, तरी अंदाज येतो."

"लंगडी घातली होती तिने," तो घाईने म्हणाला. "काही दुखलं नाही."

"नाही दुखलं?" बाईंनी पोरीला विचारलं.

पोरीने आधी बापाकडे पाहिलं. मग मान हलवली, नाही दुखलं.

बाई प्लास्टरच्या तयारीला लागल्या. तो मात्र घरी येईपर्यंत खाली मान घालून होता. पोरीला खाटेवर निजवलं, प्लास्टरखाली उशी सरकवली. मग गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "खूप दुखतंय का गं, बाळा?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही, सर."