शेवळांबरोबरची काकडं

मुळशीतल्या माले गावाच्या वरच्या वाडीतली आमची फुलाआत्या जन्मभर रानभाजी विकत आली. लोक म्हणतात, ती मनानं फार चांगली होती. होती ना. पण डूख धरण्यात तिचा हात धरणारं सगळ्या मुळशी खोऱ्यात कोणी नव्हतं, आणि मला ती त्यासाठीच आवडायची.

छप्पन साली ती पुण्याच्या मंडईत, पश्चिमेच्या दारापाशी पाटी घेऊन बसायची. जागा तिच्या आईपासूनची. शेजारी वाल्मीकशेठचा कांदे-बटाट्यांचा गाळा. त्याच्या डोळ्यांत ती खुपायची. आवाज असा दांडगा, की तो ओरडला म्हणजे दारात पाट्या मांडून बसलेल्या बायकांची अख्खी रांग उठायची. एका सकाळी "ऊठ इथून, जंगली" म्हणत त्यानं आत्याची पाटी लाथेनं उडवली. तिची शेवळं हातगाड्यांखाली चिरडली. आत्यानं रिकामी पाटी उचलली. तेव्हापासून ती बाहेर गटाराच्या कडेला बसू लागली. नजर मात्र त्याच्या गाळ्यावर.

शेवळं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला रानात येणारे जांभळट कोंब. चव थेट खिम्याची. पण सोबत काकडं नावाची आंबट फळं शिजवली नाहीत, तर घशाला अशी खाज सुटते की पाणी गिळवत नाही. म्हणून आमच्या बायका शेवळांवर मूठभर काकडं घालतातच, गिऱ्हाइकानं न मागता.

पुढच्या वर्षी वाल्मीकशेठ स्वतःच तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. कल्याणचा जावई घरी आला होता आणि त्याला शेवळंच हवी होती.

"चार जुड्या दे. करायची कशी?"

"चिरायची नि फोडणीला टाकायची, शेठ. लई सोपी हायेत."

काकडं तिनं पदराखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी आत्या सरळ दारातल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. जावई भरल्या ताटावरून उठून गेला, ही बातमी तोवर मंडईभर झाली होती. वाल्मीकशेठ आला तो ओठ सुजलेला. तिला बघून त्यानं तोंड उघडलं, पण नुसती खरखर बाहेर पडली. रांगेतलं कोणीही उठलं नाही. मला अजून ते आठवून बरं वाटतं.

आत्यानं मूठभर काकडं त्याच्या तागडीत टाकली.

"ही काल द्यायची ऱ्हायली, शेठ. पुन्ना लागली तर मी हितंच बसलेली हाय."