उभं राहून दिलेलं उत्तर

उत्तर द्यायची वेळ आली की आबा उठून उभे राहत. खरं तर अध्यक्षानं उभं राहायची काही गरज नसते. प्रश्न विचारणाऱ्या सभासदानं उभं राहायचं आणि अध्यक्षानं खुर्चीतूनच उत्तर द्यायचं, अशी रीत होती. पण हे आधी धोतराचा सोगा सावरत, दोन्ही हात टेबलावर टेकवत आणि तो थोराड देह सावकाश उभा करत. "बसूनच सांगा आबा," असं कोणी म्हणालं तर म्हणत, "इचारनारा हुबा हाय, मग मी बसून कसं सांगू?"

ही दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. जिल्ह्यातले रस्ते, शाळा, दवाखाने आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी तेव्हा जिल्हा लोकल बोर्डाकडे असत. तालुक्यातालुक्यातून निवडून आलेले सभासद नगरला सभेला जमत आणि आपापल्या भागातली गाऱ्हाणी मांडत. मी त्या बोर्डात कारकून होतो. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरांचे मसुदे तयार करायचे, हे माझं काम. माझं लहानसं टेबल अध्यक्षांच्या मागं, उजव्या हाताला असे. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांची मानच जास्त ओळखीची. राग आला की ती कानामागून तांबडी होत जाई. आवाज मात्र चढत नसे.

ते कोल्हारचे. प्रवरेच्या पाण्यावरची बागायती जमीन, शिक्षण मराठी चौथी. सभागृहात तीन वकील होते, एक डॉक्टर होते. पहिल्या वर्षी ही मंडळी त्यांच्या बोलण्याला गालात हसत. पुढं हसेनाशी झाली. त्याचं कारण संगमनेरच्या एका वकिलांनी विचारलेला प्रश्न. आपल्या भागातल्या एका शाळेचं छप्पर चार ठिकाणी गळतं, अशी त्यांची तक्रार होती. आबा म्हणाले, "जाऊन बघतो, मग सांगतो." सगळ्यांना वाटलं, वेळ मारून नेली. पुढच्या सभेला आबा उभे राहिले. "मेंबरसाहेब चार म्हनले हुते. पाच ठिकानी गळतंय. पाचवी जागा मास्तरच्या खुर्चीवर हाय, ती त्यांनी लाजंकाजं सांगितली न्हाई." भर पावसात ते त्या शाळेत पोरांच्या रांगेत मांडी घालून बसून आले होते.

आता मी माझी स्वतःची चूक सांगतो. आबा मला खऱ्या अर्थानं कळले ते तिच्यामुळेच.

तिसगावकडून एक सभासद येत. भुसार मालाचे व्यापारी, मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी प्रश्न विचारला होता की, तिसगावपासून दोन कोसांवरच्या वाडीत लोकांना नारू होतो, तिथल्या बारवेचं काम कुठवर आलं? नारू तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल. पाण्यातून पोटात जाणारा हा किडा. वर्षभरानं तो बहुधा पायातून फोड आणून बाहेर निघतो, दोऱ्यासारखा, हातभर लांब. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत काढावा लागतो. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. बारवेला पायऱ्या असतात, आजारी माणूस पाण्यात पाय घालतो आणि त्याच पाण्यातून दुखणं दुसऱ्याच्या पोटात जातं. म्हणून पायऱ्या बंद करून वर रहाट बसवायचं ठरलं होतं. कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरचा कागद आला होता, त्यावरून मी उत्तर लिहिलं, 'सदर काम पूर्ण झाले आहे.' आबांनी ते सभेत वाचलं.

चाचा ताडकन उठले. "हे उत्तर खोटं हाय, आबा! परवा मी तिथनं आलो. लोक अजून गुडघाभर पान्यात उतरत्यात."

माझे कान तापले. आता आबा मागं वळून माझ्याकडे बघतील, म्हणून मी मान खाली घातली. ते वळले नाहीत. "उत्तर मी वाचलं," ते म्हणाले, "तवा ते माजं. ते मागं घेतो. जाऊन बघतो, मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तिसगावच्या मोटारीत होतो, आबा, चाचा आणि मी. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. करंजीच्या घाटात मोटारीनं दम टाकला आणि सगळे उतरून चालू लागले. मी आबांच्या शेजारी गेलो. म्हणालो, "साहेब, ओव्हरसियरच्या रिपोर्टावरून लिहिलं मी."

"व्हय. आन त्यानं कशावरनं लिवलं?"

एवढं विचारून ते घाट चढत राहिले. त्यांनी दोन शब्द रागावून सुनावले असते तर घाट चढायला सोपा गेला असता.

वाडीवर पोचलो. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत बांधली होती खरी, पण अर्धीच, आणि तीही ढासळलेली. खाली एक म्हातारा पाण्यात पाय सोडून बसला होता. फोडाची आग होते, पाण्यात जरा निवतं म्हणाला. त्याच्यापासून दोन हातांवर एक बाई घागर बुडवत होती.

आबांनी घर न्‌ घर पाहिलं. दारं बुटकी, ते प्रत्येक दारात कमरेत वाकून आत शिरायचे. एका घरात नवरा-बायको दोघंही अंथरुणाला खिळलेली, पायांना चिंध्या बांधलेल्या. बाहेर त्यांची ज्वारी पिकून उभी होती आणि पाखरं कणसं रिकामी करत होती. काढायला घरात उभं राहू शकेल असं माणूस नव्हतं. आबा त्या ज्वारीच्या पट्टीकडं बघत राहिले. त्यांची मान तांबडी झालेली मी पाहिली.

शेवटच्या घरातल्या म्हातारीनं रिवाजाप्रमाणे तांब्या पुढं केला आणि काय झालं कोण जाणे, तसाच मागं घेतला. "नगा पिऊ आबा. तुमाला सोसायचं न्हाई."

"मग तुमी काय पिता?"

"आमचं काय," म्हातारी म्हणाली.

आबांनी हात पुढं केला. चाचांनी तिसगावहून पाण्याची सुरई आणली होती, ते ती घेऊन लगबगीनं पुढं झाले. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, म्हटलं, निदान गाळून घ्या. तोवर आबांनी तांब्या रिकामा केला होता.

परतताना बैलगाडीत चाचा चिडले होते. "आबा, ह्यात शहानपना न्हाई."

"न्हाईच," आबा म्हणाले. "पन ती 'आमचं काय' म्हनली. त्याच्यावर मी काय बोलू?"

ते धाडस होतं की वेडेपणा, मी आजही सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसानंतर त्यांच्यासमोर मसुदा ठेवण्याआधी मी त्यातला शब्द न्‌ शब्द पुन्हा तपासायचो.

पुढच्या सभेत त्यांनी कागद हातात घेतला नाही. उभे राहिले आणि एकेका घराचं सांगत गेले. कोण आजारी, कुणाची ज्वारी उभी, कोणत्या घरात चूल पेटली नव्हती. वकील, डॉक्टर, कोणी हललं नाही. मी लिहायचं विसरलो. मग त्यांनी ओव्हरसियरला काम संपेपर्यंत त्याच वाडीत मुक्कामाला पाठवलं. तो रडकुंडीला आला. "साहेब, तिथं पाणी कुठलं प्यायचं?"

"बारवंचं," आबा म्हणाले. "गाळून पी. आन वाडीलाबी गाळून प्यायला शिकव."

पावसाळ्याआधी पायऱ्या बंद झाल्या आणि रहाट फिरू लागले.

वर्ष उलटलं. आबा दोन सभांना आले नाहीत, म्हणून मी कागद घेऊन कोल्हारला गेलो. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, उजवा पाय पुढं पसरलेला. घोट्याजवळ जखम, आणि जखमेतून निघालेला पांढरा दोरा एका काडीला गुंडाळलेला. मी कागद घेऊन तसाच उभा राहिलो.

"बस की," ते म्हणाले. "बग, किती शिस्तीचा हाय. घाई किली की तुटतो, धीर धरला तर रोज दोन बोटं येतो. आपल्या हापिसावानी." आणि हसले. तेवढ्यात कळ आली आणि त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. थोड्या वेळानं म्हणाले, "वाच. काय इचारलंय मेंबरांनी?"

त्या महिन्याच्या सभेला ते काठी टेकत आले. पायाला जाड पट्टी. पहिला प्रश्न चाचांचाच होता. मी नाव पुकारलं. चाचांनी आबांच्या पायाकडं पाहिलं आणि उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

एका वकिलांनी हरकत घेतली, "सभासदानं उभं राहून बोलावं."

"माजे गुडघे दुखत्यात," चाचा म्हणाले. चाचांचे गुडघे ठणठणीत होते, सगळ्यांना ठाऊक होतं. हरकत घेणारे वकील क्षणभर थांबले, मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांची पाळी आली तेव्हा तेही बसूनच बोलले. त्यांच्यामागून सगळेच. आबांचे हात सवयीनं टेबलावर टेकले होते. त्यांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली, "बरं," म्हणाले, आणि खुर्चीतून उत्तरं दिली. माझ्या नोकरीत तेवढं एकदाच.

स्वराज्य आल्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मला निरोप मिळून मी कोल्हारला पोचलो तोवर प्रवरेकाठी राखही निवली होती. चाचा एकटेच वाळूत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

पुढं मला एक खोड लागली. मसुदा लिहिण्याआधी, जमेल तिथं, स्वतः जाऊन यायचं. तसाच बऱ्याच वर्षांनी एकदा तिसगावच्या दवाखान्याच्या कामाला गेलो होतो, तिथून वाकडी वाट करून त्या वाडीवर गेलो. उन्हं कलली होती. बारवेच्या काठावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रहाटानं पाणी ओढत होती. मी विचारलं, "काय गं, नारू हाय का वाडीत?"

ती दोर धरून थांबली. विचार केला. मग मान हलवली.

"न्हाई," म्हणाली. "त्या नावाचं आमच्यात कुनी ऱ्हात न्हाई."