भरलेलं पातेलं

कराडला आमच्या शेजारी राहते ती. नवऱ्याचं गॅरेज बंद पडल्यापासून तिच्याकडं रोज हुलगेच शिजतात. कधी उसळ, कधी पिठलं, कधी आंबट कढण. पण फोडणी अशी देते की लसणाचा वास रस्त्यापर्यंत जातो.

"फोडणीत हात आखडला की माणसं ताटाकडं बघत बसत्यात, वैनी," म्हणते.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. तीही मोडत नाही. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम मोठं पातेलं भरून मसालेभात पाठवला. म्हटलं, दोन वेळचं भागेल तिचं.

संध्याकाळी पातेलं परत आलं, काठोकाठ कढणानं भरून. आम्हाला दोन दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरातून लसणाचा वास आला नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिचे आठवडाभराचे हुलगे आमच्या घरी आले होते.

काल मी लहानशा वाटीतून आमटी नेली. तिनं दारातच वाटी हातात घेतली, तळहातावर तोलून पाहिली.

"हां," ती म्हणाली, "एवढी भरती मी."